१९१४-१५ चे विजेतेपद एव्हर्टनचेच : ‘उसनी ट्रॉफी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गुणतक्ता :
परवा येथे एका सदस्याने लिहिले की, १९१४-१५ च्या इंग्लिश लीगमधील एव्हर्टनची ट्रॉफी ही ‘उसनी’ आहे, कारण ओल्डम ॲथलेटिकचा मिडल्सब्रो येथील सामना अर्ध्यावर थांबला, निकाल ओल्डमच्या माथी मारला गेला आणि तसे झाले नसते तर विजेतेपद बाउंड्री पार्कवर, म्हणजे ओल्डमच्या मैदानावर, गेले असते. त्या लेखाखाली भराभर अनुमोदने पडली आणि गुणतक्ता उघडून पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत, म्हणून हा स्वतंत्र धागा.

एव्हर्टन ४६, ओल्डम ४५. हा एक गुणाचा फरक पाहिला की सर्वांना ३ एप्रिल १९१५ चा तो सामना आठवतो. त्या दिवशी ओल्डमचा लेफ्ट बॅक बिली कुक याला पंचांनी बाहेर काढले, तो मैदान सोडेना, पंचांनी घड्याळ काढून त्याला एक मिनिट दिले आणि तरीही तो हलला नाही, तेव्हा सामना तेथेच संपवला. कुकवर वर्षभराची बंदी आली आणि लीगने निकाल कायम ठेवला. येथपर्यंत आपले एकमत आहे. मात्र त्या क्षणी ओल्डम ४-१ ने मागे होते आणि नियमानुसार उरलेला वेळ त्यांना दहा जणांनिशी खेळायचा होता, हे मूळ लेखात सोयीस्करपणे गाळलेले आहे. बरोबरी साधूनही भागले नसते, कारण गुण सारखे झाल्यावर गोलसरासरी (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) पाहिली जात असे आणि ७६ गोल करून ४७ खाणाऱ्या एव्हर्टनपुढे ७० करून ५६ खाणारे ओल्डम टिकलेच नसते. म्हणजे साधारण अर्ध्या तासात, एक गडी कमी असताना, त्यांना चार गोल करायचे होते.

त्यानंतरही विजेतेपद त्यांच्या हातातच होते. शेवटच्या टप्प्यात बर्नली आणि लिव्हरपूल यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने घरच्या मैदानावर होते आणि ओल्डमने ते दोन्ही गमावले. तेथे ना कुकचा हट्ट आडवा आला, ना पंचांचे घड्याळ. नाचता येईना अंगण वाकडे, याहून वेगळे काय म्हणावे?

लँकेशायरकर :
‘उसनी’ हा शब्द मीच वापरला होता आणि तो मागे घेण्याचा माझा विचार नाही. मी नऊ वर्षे ओल्डममध्ये राहिलो आहे. बाउंड्री पार्क इतक्या उंचावर आणि इतक्या उघड्यावर आहे की मार्च महिन्यातही वारा कानशिलावर चपराक मारावी तसा लागतो. माझे घरमालक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ होते. त्यांच्या वडिलांनी तो हंगाम पाहिला होता. दिवाणखान्यात संघाचा जुना फोटो होता आणि चहा घेताना ते कुकच्या चेहऱ्यावर बोट टेकवून म्हणायचे की, हा माणूस उन्हाळ्यात लँकेशायरकडून क्रिकेट खेळायचा, तेथे मात्र बाद दिल्यावर मुकाट्याने तंबूत परतायचा.

आता मुद्दा. १९०९ साली बर्नली येथे एफए कपच्या (इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या) सामन्यात मँचेस्टर युनायटेड १-० ने मागे असताना बर्फाच्या वादळामुळे खेळ ७२ व्या मिनिटाला थांबला. सामना पुन्हा खेळवला गेला, युनायटेडने तो जिंकला आणि पुढे तो कपही जिंकला. त्या दिवशीचे पंच होते हर्बर्ट बॅमलेट, आणि १९१५ मध्ये ओल्डमचे व्यवस्थापक कोण होते? तेच हर्बर्ट बॅमलेट! ज्याने स्वतः थांबवलेला सामना नव्याने खेळवला गेला, त्याच्याच संघाला सहा वर्षांनी ती संधी नाकारली गेली. याला तुम्ही न्याय म्हणत असाल तर म्हणा.

शिवाय तुमचे विजेते घरच्या १९ सामन्यांपैकी ६ हरले होते. अठ्ठावीसपैकी नव्हे, एकोणीसपैकी! संपूर्ण हंगामात ११ पराभव पत्करणाऱ्या संघाचे एवढे पोवाडे कशासाठी?

पंचमामा :
मी कोल्हापूरचा, आणि बावीस वर्षे पंचगिरी केलेली असल्यामुळे मला या चर्चेत गप्प बसवत नाही. एका स्थानिक स्पर्धेत (संघाचे नाव घेत नाही, अजून त्याच गल्लीतून भाजी आणायला जावे लागते) मी एका बचावपटूला लाल कार्ड दाखवले. तो मधल्या वर्तुळात गेला, चेंडू मांडीखाली घेतला आणि त्यावर चक्क बसला. मी घड्याळ पाहिले. एक मिनिट हा केवढा मोठा काळ असतो, हे हजारो माणसे तुमच्या आईचा उद्धार करीत असल्याशिवाय कळत नाही. शेवटी मी शिट्टी वाजवली आणि सामना संपल्याचे जाहीर केले. संध्याकाळी संयोजक म्हणाले, “मामा, उरलेली वीस मिनिटे उद्या खेळवू या, पोरं नाराज आहेत.” ती वीस मिनिटे खेळवली गेली, चेंडूवर बसलेल्याच्या संघाने बरोबरी साधली, आणि त्या दिवसापासून त्या स्पर्धेत कोणीही पंचाचे ऐकेनासे झाले.

म्हणून १९०९ चा दाखला येथे लागू पडत नाही. बर्फ कोणी मुद्दाम पाडत नाही, मैदानात मुद्दाम बसतात ती माणसे. मिडल्सब्रोचा सामना पुन्हा खेळवला असता, तर हरणाऱ्या प्रत्येक संघाला वाट सापडली असती. लीगने त्या दिवशी ओल्डमला लुटले नाही, माझ्यासारख्यांची अब्रू राखली.

रणगाथा :
आपण सर्वजण वड्याचे तेल वांग्यावर ओतीत आहात. मूळ प्रश्न असा आहे की तो हंगाम खेळवलाच का? ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये हे खुशाल चेंडू लाथाडायला लागले. माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते. पुण्याची सहावी डिव्हिजन एप्रिल १९१५ मध्ये, १२ ते १४ तारखेला, बसऱ्याजवळ शैबा येथे तुर्कांशी लढत होती आणि त्याच महिन्यात इंग्लंडमधील तरुण गोलसरासरीची गणिते मांडीत होते. आमच्या घरी त्यांचे एक पदक आहे, त्याची फीत उंदरांनी खाल्ली आहे. अशा हंगामाची ट्रॉफी उसनी की रोखीची, याने मला काडीचाही फरक पडत नाही.

गुणतक्ता :
आपल्या पणजोबांविषयी पूर्ण आदर बाळगून सांगतो की, हा आक्षेप इंग्लंडमध्ये त्याच वेळी जोराने घेतला गेला होता आणि त्यामुळेच डिसेंबर १९१४ मध्ये फुलहॅमच्या टाउन हॉलमध्ये फुटबॉलपटूंची स्वतंत्र पलटण उभी राहिली. सक्तीची भरती १९१६ साली आली, तोपर्यंत हे करारबद्ध नोकरदार होते. एव्हर्टनचा बॉबी पार्कर याने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे ३५ गोल केले, नंतर तो लढायला गेला आणि पाठीत गोळी घेऊन परतला. ‘खुशाल’ हा शब्द त्याच्या बाबतीत तरी नको.

लँकेशायरकर, घरच्या ६ पराभवांचा मुद्दा मान्य. परंतु तोच तक्ता आडवा वाचला तर याच संघाने बाहेर ११ सामने जिंकलेले दिसतात. पहिल्या आणि सातव्या क्रमांकात फक्त तीन गुणांचे अंतर होते. ब्लॅकबर्न, बर्नली, मँचेस्टर सिटी आणि शेफील्डचे दोन्ही संघ ४३ गुणांवर दाटीवाटीने उभे होते. अशा चुरशीत घरी अडखळून बाहेर जिंकणारा संघ विजेता ठरला, तर ते त्या हंगामाचेच रूप आहे.

तोफखाना :
विजेतेपदावर एवढी शाई सांडताय, पण त्या हंगामातील खरा घोटाळा तळाशी झाला! मिडल्सब्रोच्या आदल्याच दिवशी, २ एप्रिल, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० ने हरवले आणि तो सामना खेळाडूंनी आपापसात ठरवलेला होता. २-० याच निकालावर पैजा लागल्या होत्या. युनायटेडच्या पॅट ओ’कॉनेलने पेनल्टी गोलपासून लांब मारली आणि लिव्हरपूलच्या पॅग्नमचा फटका आडव्या खांबाला लागला, तेव्हा त्याचेच सहकारी त्याच्यावर डाफरले. दोन्ही संघांतील सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. निकाल मात्र तसाच राहिला. युनायटेड ३० गुणांवर वाचले आणि २९ गुणांचे चेल्सी खाली, दुसऱ्या विभागात, जायच्या जागेवर आले.

कोंबडा_१८८२ :
आर्सेनलच्या चाहत्याने घोटाळ्यांवर प्रवचन द्यावे, हा दिवस पाहायचा राहिला होता. १९१९ साली पहिला विभाग २२ संघांचा झाला. चेल्सीला वर ठेवले, ते ठीक. मग तळाच्या टॉटेनहॅमला का नाही ठेवले? दुसऱ्या विभागात तुम्ही सहावे होतात. बार्न्स्ली तिसरे आणि वुल्व्ह्ज चौथे होते. तरी त्या जागेसाठी क्लबांनी केलेल्या मतदानात तुम्हाला १८, आम्हाला ८. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर तुमचे तेव्हाचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांचे चरित्र वाचावे.

तोफखाना :
पाचवे. सहावे नव्हे. बर्मिंगहॅमचे आणि आमचे गुण सारखेच, ४३ होते आणि गोलसरासरी मांडताना चूक झाली होती, ती पुढे दुरुस्त झाली. बाकी मतदान हे मतदान असते. आम्ही १८९३ पासून लीगमध्ये होतो, तुम्ही १९०८ मध्ये आलात. लीगचे अध्यक्ष मॅकेना यांनी हेच सांगितले.

कोंबडा_१८८२ :
ज्येष्ठतेचाच निकष होता, तर वुल्व्ह्ज १८८८ पासूनचे, लीगचे संस्थापक. त्यांना मते किती मिळाली? ४. आणि मॅकेना हे लिव्हरपूलचे माणूस, म्हणजे ज्या क्लबचे चार खेळाडू सामना विकताना सापडले त्या क्लबचे. तुमच्या लबाडीला शंभर वर्षे झाली म्हणून तिचा इतिहास होत नाही.

तोफखाना :
‘लबाडी’चा एक पुरावा द्या. एक. मत विकत घेतल्याचे कोणावरही सिद्ध झालेले नाही. २० पैकी विसावे येऊन वर दुसऱ्याला चोर म्हणणे, ही टॉटेनहॅमची कुलपरंपराच दिसते.

पंचमामा :
दोघेही पिवळ्या कार्डावर आहात, असे समजा. मला या सगळ्यात एनॉक वेस्ट या एकाच माणसाचे वाईट वाटते. बंदी आलेल्यांपैकी बहुतेकांना १९१९ मध्ये माफी मिळाली. सँडी टर्नबुल १९१७ साली आरासच्या लढाईत मारला गेला, त्याला ती मरणोत्तर मिळाली. वेस्ट मात्र मी निर्दोष आहे म्हणत न्यायालयात गेला, तेथे हरला, आणि त्याची बंदी उठली थेट १९४५ मध्ये. त्याचे वय तेव्हा साठीला टेकले होते.

रणगाथा :
टर्नबुलचे मला ठाऊक नव्हते. ‘खुशाल’ हा शब्द मागे घेतो. हंगाम खेळवायला नको होता, हे मत मागे घेत नाही.

लँकेशायरकर :
उत्तर लंडनच्या, म्हणजे आर्सेनल-टॉटेनहॅमच्या, भाऊबंदकीतून वेळ मिळाल्यामुळे लिहितो. पंचमामांनी बर्फाचा आणि माणसाचा फरक सांगितला, तो मला पटला, हे कबूल करताना दात दुखत आहेत. चार गोलांचे गणितही ठीक. परंतु गुणतक्ता यांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो. ओल्डमला शेवटच्या सामन्यात हरवणारे लिव्हरपूल हे एव्हर्टनचे सख्खे शेजारी. म्हणजे निळ्या जर्सीवाल्यांची ट्रॉफी लाल जर्सीवाल्यांनी आणून दिली! एव्हर्टनने स्वतः काय केले? शेवटच्या सामन्यात, घरच्या मैदानावर, खाली चाललेल्या चेल्सीशी २-२ बरोबरी. तेव्हा ‘उसनी’ हा शब्द मी मागे घेतो आणि त्याऐवजी ‘शेजाऱ्यांकडून आलेली’ असे लिहितो.

गुणतक्ता :
शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर आली असेल, उरलेले ४६ गुणांचे पक्वान्न घरीच रांधलेले आहे. दुरुस्ती स्वीकारली. कृपया मूळ धाग्याचे शीर्षकही बदलावे.

लँकेशायरकर :
शीर्षक बदलण्याची सोय येथे २४ तासांनंतर बंद होते. याबद्दल मला अतिशय दुःख झाले आहे, असे समजावे.

कोंबडा_१८८२ :
बार्न्स्लीवरील अन्यायाचे उत्तर अजून आलेले नाही.

तोफखाना :
पाचवे.