प्रतिसाद: सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस

‘तुरुंगात राहिला की व्यसन आपोआप सुटतं’ असं बरेचजण म्हणतात, पण हे मत मला धोक्याचं वाटतं. आत नशा मिळाली नाही तर नशा पेलण्याची शरीराची सहनशक्ती उतरते, ओढ मात्र कायम राहते. बाहेर येऊन माणूस जुन्याच मात्रेत ब्राउन शुगर (अफूपासून बनणारं अशुद्ध हेरॉइन) घेतो, श्वास मंदावतो आणि जीव जातो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता!

मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात पिकणारी अफू आपल्या इंदूरपासून लांब नाही, त्यामुळे हे परक्या देशाचं दुखणं समजू नका. ब्युप्रेनॉर्फिनसारखं, नशेची ओढ कमी करणारं औषध आतच सुरू व्हायला हवं, दिल्लीच्या तिहार तुरुंगात ते दिलंही गेलंय. आणि सुटकेच्या दिवशी हातात औषधाची चिठ्ठी व पुढच्या तपासणीची तारीख हवीच. नुसतं ‘आता नीट वाग’ सांगून काय होणार?

घरच्यांना कळकळीने सांगते, सुटकेआधीच सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत बोलून ठेवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पहिले पंधरा दिवस त्याला एकटं सोडू नका, आणि टोमणे तर अजिबात नकोत.