मदत हवी आहे: रॅमेरिया फॉर्मोसाच्या हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या) नोंदी नकाशासाठी कशा गाळायच्या?

प्रश्न
रॅमेरिया फॉर्मोसा या प्रवाळ बुरशीच्या नोंदी जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक ऑनलाइन साठ्यावरून उतरवून घेतल्या आहेत. काहींवर क्लॅव्हेरिया फॉर्मोसा असं नाव आहे, उत्तर अमेरिकेतल्याही बऱ्याच आहेत, आणि काही नमुने दोन-तीन संग्रहांत दिसतात. काय ठेवू, काय काढू?

प्रतिसाद १
जुन्या नावावरून काहीही काढू नका. बुरशीतज्ज्ञ पर्सूनने ही जात क्लॅव्हेरिया या प्रजातीत (जीनसमध्ये) वर्णिली, फ्रेंच बुरशीतज्ज्ञ केले याने ती १८८८मध्ये रॅमेरियात नेली, जात तीच.

दुहेरी नोंदी आधी निपटा. संग्राहक, त्याचा नमुना क्रमांक आणि तारीख तिन्ही जुळले तर तो एकच नमुना, तो कितीही संग्रहालयांत असो. क्रमांक नसेल तर ठिकाण ताडून पाहा. १ जानेवारी ही तारीख दिसली की लेबलाचा फोटो उघडाच. बहुतेकदा लेबलावर फक्त वर्ष असतं आणि दिवस-महिना संगणकाने भरलेला असतो. अक्षांश-रेखांश जिल्ह्याच्या मध्यबिंदूचे असतील तर तो बिंदू नकाशावर नको.

खरी अडचण ओळखीची आहे. अमेरिकेतली ‘फॉर्मोसा’ बहुधा वेगळ्याच जातींची आहे, त्यामुळे ते बिंदू वेगळ्या रंगात ठेवा. नमुना कोणी आणि कधी ओळखला हा रकाना रिकामा असेल, तर त्या नावावर विसंबू नका.

प्रश्नकर्ता
शंकास्पद नमुने मागवून तपासता येतील का?

प्रतिसाद २
येतील, पण तुकडा काढायला संग्रहपालाची लेखी परवानगी घ्या. वाळल्यावर गुलाबी-नारिंगी फांद्या आणि पिवळी टोकं सगळंच मातकट होतं, म्हणून ताज्या रंगाची टीप लेबलावर नसेल तर सूक्ष्मदर्शकाशिवाय इलाज नाही.

फांदीच्या मधल्या भागातून २-३ मिमी तुकडा घ्या. टोकाला बीजाणू (बुरशीचे बीसारखे सूक्ष्म कण) पिकलेले नसतात, तिथली मापं लहान येतात. ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवा, मग दुसरा कण कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात हलका तापवा. बीजाणूंवरचे बारीक उंचवटे त्यातच नीट दिसतात. किमान २० बीजाणू मोजा. कवकतंतूंवर (बुरशीच्या धाग्यांवर) क्लॅम्प, म्हणजे दोन पेशींच्या सांध्यावरचे छोटे फुगवटे, आहेत का तेही बघा, फॉर्मोसात ते असतात. जुन्या नमुन्यातला डीएनए तुटलेला असतो; बुरशी ओळखायला वापरतात तो आयटीएस हा डीएनएचा भाग पूर्ण मिळाला नाही तर त्यातला आयटीएस-२ हा छोटा भाग करून पाहा.

निष्कर्ष काहीही निघो, जुनं लेबल खोडू किंवा काढू नका. नाव, तुमचं नाव, वर्ष आणि कशावरून ठरवलं, हे नव्या चिठ्ठीवर लिहून शेजारी लावा, आणि तीच दुरुस्ती संग्रहपालाला कळवा म्हणजे जीबीआयएफवरची नोंदही बदलेल.