सेइयूंचं बिनसंहितेचं नाटक ‘अ‍ॅड-लाइव्ह’: नेमकं काय ठरलेलं असतं?

खिडकीशेजारी

जपानी व्हॉइस अ‍ॅक्टर म्हणजे सेइयू मंडळींचा ‘अ‍ॅड-लाइव्ह’ हा नाट्यप्रकल्प इथे कुणी बारकाईने पाहिलाय का? केनइची सुझुमुरा यांनी २००८ साली सुरू केलेला. (‘डेमन स्लेयर’ या अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतला ओबानाई इगुरो आणि ‘गिंतामा’मधला ओकिता सोगो यांचा आवाज त्यांचा.) ९० मिनिटांचा प्रयोग, संवाद लिहिलेले नाहीत, आणि प्रेक्षकांकडून आधीच मागवलेली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून नटांच्या खांद्यावरच्या पिशवीत टाकलेली. मधूनच नट पिशवीत हात घालतो आणि हाताला येईल ती चिठ्ठी संवाद म्हणून बोलतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ‘सगळं उत्स्फूर्त’ म्हणतात ते कितपत खरं? काय ठरलेलं असतं आणि काय नसतं? दुसरं, पुण्यात मराठी डबिंग करणाऱ्या सहा जणांचा गट आहे, त्यांना याच धर्तीवर ४५ मिनिटांचा प्रयोग करायचा आहे. आवाजाची तयारी उत्तम, रंगमंचाची सवय जवळपास शून्य. कशाने फसेल ते आधीच सांगा.

पडद्यामागून

‘सगळं उत्स्फूर्त’ ही जाहिरातीची भाषा झाली, पण खोटीही नाही. ठरलेल्या गोष्टी दोनच: कथेचं जग आणि त्यात घडणाऱ्या मोजक्या घटना. माणसं कोण, त्यांचं एकमेकांशी नातं काय, कोण काय बोलणार, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. बऱ्याच प्रयोगांत नट आपली भूमिका स्वतः रचून येतो, वेशभूषाही त्यानुसार होते, आणि समोरच्याला ती रंगमंचावरच कळते. मुख्य नटांसोबत छोट्या भूमिका करणारे सहायक नट असतात. घटना वेळेवर घडवणं बरंचसं त्यांच्या आणि प्रकाश-ध्वनीच्या हातात.

त्या घटनांना कमी लेखू नका, सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. तुमच्या ४५ मिनिटांसाठी तीन घटना पुरेत: साधारण १०व्या, २५व्या आणि ३८व्या मिनिटाला. पहिलीने दोघांना (मुख्य नट दोनच धरा) एका जागी अडकवायचं, दुसरीने त्यांच्यापैकी एकाचं काहीतरी उघड्यावर आणायचं, तिसरीने निर्णय घ्यायला भाग पाडायचं. प्रत्येक घटना बाहेरून यायला हवी: फोनची घंटा, लाऊडस्पीकरवरची घोषणा, दिवे जाणं, दारात तिसरा माणूस. नटाने ‘आता मी हे उघड करतो’ असं ठरवून आणलेली घटना हमखास लवकर येते, कारण घाबरलेला नट हातातला पत्ता पाचव्याच मिनिटाला टाकून मोकळा होतो.

जागा अशी निवडा की तिथून उठून जाता येत नाही. दोघांपैकी कुणीही ‘बरंय, निघतो मी’ म्हणू शकत असेल तर विसाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच.

शेवटाचं वाक्य ठरवू नका, शेवटाची क्रिया ठरवा. उदाहरणार्थ, ‘दार उघडतं आणि एकालाच बाहेर जाता येतं.’ कोण जाणार ते त्यांचं त्यांनी ठरवावं. घड्याळ एकाच माणसाच्या हातात द्या आणि तो नट नसावा. प्रयोग रंगलाय म्हणून तिसरी घटना दहा मिनिटं पुढे ढकलायचा मोह त्याला होईल, तो आवरायचा. नटांनी आपली ताकद ३८व्या मिनिटाच्या हिशेबाने राखलेली असते.

ध्वनीवाला

डबिंगवाल्यांचं कुठे फसतं ते सांगतो.

जपानमध्ये अ‍ॅनिमेच्या रेकॉर्डिंगला, ज्याला ते ‘आफुरेको’ म्हणतात, तीन-चार माइक आणि समोर पडदा असतो. सगळे नट मागे बसतात, आपली ओळ आली की हातात संहिता घेऊन पुढे येतात, बोलतात आणि आवाज न करता मागे सरतात. कोविडच्या काळात गट लहान झाले, पण शिस्त तीच. पान उलटल्याचा आवाज नको, कपड्यांची सळसळ नको, माइकपासूनचं अंतर बदलायला नको. म्हणजे वर्षानुवर्षं शरीर गप्प ठेवायचं आणि सगळं गळ्यातून काढायचं. तोच माणूस रंगमंचावर आला की पाय रोवून उभा राहतो आणि मान समोर, जिथे पडदा असायचा तिकडे. तुमची मंडळी एकेकटी काचेच्या खोलीत डबिंग करत असतील तर अडचण आणखी मोठी: समोरच्या माणसाकडे बघून बोलायचीच सवय नसते. पहिल्या चार तालमी बिनमाइकच्या घ्या, आणि हातांना काम द्या. डबा उघडणं, दोरी सोडवणं, खुर्ची दुरुस्त करणं. हात कामात असले की शांतता भरून काढायला तोंड धावत नाही.

शांततेचंही बोलून टाकतो. आवाजावर पोट असलेल्या माणसाला दोन सेकंद मोकळे गेले की चूक झाल्यासारखं वाटतं. प्रेक्षकाला मात्र चार सेकंदांपर्यंत काहीच खटकत नाही.

माइक: गालावर चिकटणारा हेडवॉर्न घ्या, तोंडाच्या कोपऱ्यापासून बोटभर मागे. थेट ओठांसमोर आला की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. कॉलरचा माइक इथे नकोच, कारण चिठ्ठीच्या पिशवीचा पट्टा त्याच्यावरून घासणार. पिशवी ज्या बाजूला लटकते त्याच्या उलट कमरेला ट्रान्समीटर लावा, नाहीतर प्रत्येक चिठ्ठी काढताना वायर ओढली जाईल. लेव्हल ठरवताना नटाला एकदा खरोखर ओरडायला लावा. उत्स्फूर्त प्रयोगात माणूस कधी किंचाळेल ते ऑपरेटरला माहीत नसतं, म्हणून लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय) लावून ठेवा आणि फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, बोट.

पेटारा

मला यातला ‘संवाद लिहिलेले नाहीत’ हा भाग अजिबात नवलाचा वाटत नाही. तळकोकणात आणि गोव्यात दशावताराला संहिता कुठे असते? जत्रेच्या रात्री आख्यान ठरतं, कुणी कुठलं पात्र घ्यायचं आणि कुठल्या प्रवेशानंतर कुठला प्रवेश एवढं बोलणं होतं, आणि पुढचे संवाद ज्याच्या त्याच्या तोंडी. शेजारी पेटी, पखवाज, झांज. नट अडखळला तर पद सुरू करून त्याला सावरायला माणसं तयार. मराठी नाटकाची सुरुवात धरतात त्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’मध्येही (सांगली, १८४३) पदं लिहिलेली होती आणि संवाद नटांनी आयत्या वेळी बोलायचे होते.

फरक दुसरीकडे आहे. दशावतारात गोष्ट पुराणातली, सगळ्या गावाला माहीत. राक्षस मरणार हे ठरलेलं, त्यामुळे नट कितीही भरकटला तरी शेवटाला पोचतोच. ‘अ‍ॅड-लाइव्ह’मध्ये गोष्टच कुणाला माहीत नाही. म्हणून त्यांना घटनांच्या खुंट्या ठोकाव्या लागतात. वर ‘पडद्यामागून’ यांनी म्हटलंय ते यासाठीच महत्त्वाचं.

आणि चिठ्ठ्यांना जपानात घरचाच जुना आधार आहे. राकुगोतला (एकट्याने बसून विनोदी गोष्ट सांगायची कला) ‘सानदाइबानाशी’ हा प्रकार एडो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) चालत आलाय: प्रेक्षक तीन असंबद्ध शब्द देतात आणि कथेकरी तिन्ही गुंफून तिथल्या तिथे गोष्ट सांगतो. त्यात भर म्हणजे सेइयूंचे रेडिओ कार्यक्रम. श्रोत्यांच्या मेल वाचायच्या आणि त्यावर ओघात, बिनलिखित बोलत राहायचं, हे त्यांच्यातल्या कित्येकांचं नेहमीचं काम. प्रेक्षकाचं वाक्य तोंडात घेऊन पचवायची सवय तिथली.

खिडकीशेजारी

सगळ्यांचे आभार. पेटारा, खुंट्यांचं पटलं. चिठ्ठ्यांबद्दल अजून विचारायचं आहे: किती ठेवायच्या, काय लिहून घ्यायचं, आणि काढायची कधी? आमच्या पहिल्या कल्पनेत प्रेक्षकांनी आयत्या वेळी एकेक शब्द लिहून द्यायचा, असं होतं.

पडद्यामागून

आयत्या वेळी एकेक शब्द नको. निम्म्या चिठ्ठ्यांवर ‘वडापाव’ येईल आणि उरलेल्यांवर अशी नावं, जी रंगमंचावर बोलता येणार नाहीत. निदान आठवडाभर आधी फॉर्म फिरवा आणि पूर्ण वाक्य मागवा, जे माणूस दुसऱ्या माणसाला उद्देशून म्हणू शकेल असं. आठ-दहा शब्दांच्या आत. मग नटाखेरीज कुणीतरी एकाने चाळणी लावायची: चालू घडामोडी, सिनेमातले गाजलेले संवाद, शिव्या आणि ज्यात विनोद आधीच पूर्ण झालाय अशी वाक्यं बाजूला. शेवटचा गट सोडवत नाही, कारण वाचताना हसू येतं. पण त्या चिठ्ठीवर नटाला करायला काही उरत नाही. हशा येतो आणि गोष्ट जागच्या जागी थांबते.

४५ मिनिटांना प्रत्येक पिशवीत १५ चिठ्ठ्या टाका, त्यांतल्या चार-पाच वापरल्या गेल्या तर खूप झालं. पहिली सात मिनिटं पिशवीला हात लावायचा नाही. पात्र कसं बोलतं हे प्रेक्षकाला कळायच्या आत विचित्र वाक्य आलं तर ते विचित्र वाटतच नाही.

खरं काम चिठ्ठी वाचल्यानंतरचं. समजा, जिना बंद झालेल्या इमारतीत दोघं अडकलेत, एक स्वतःला वकील म्हणवतोय. दुसरा विचारतो, ‘तुम्ही इथे कशासाठी आलात?’ वकील पिशवीत हात घालतो आणि वाचतो: ‘आईला सांगू नका हं.’

कच्चा नट इथे प्रेक्षकांकडे बघून हसतो आणि ‘म्हणजे मला म्हणायचं होतं की…’ असं सारवतो. चिठ्ठी वाया. बरा नट गप्प राहतो, समोरच्याकडे बघतो आणि ते वाक्य खरं मानतो: या वकिलाला आईची धास्ती आहे. मग पुढची चाल समोरच्याची. त्याने विचारायचं, ‘आई… खाली उभी आहे?’ इथून पुढे आई हे नाटकातलं पात्र झालं. २५व्या मिनिटाच्या घटनेत वाजणारा फोन आता कुणाचा असेल हे प्रेक्षकाने मनात ठरवूनही टाकलं. ऑपरेटरने चिठ्ठीसाठी काही वेगळं केलेलं नाही, घंटा तीच होती.

यासाठी तीन नियम पुरतात. चिठ्ठीवर आहे ते जसंच्या तसं म्हणायचं, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. ते वाक्य पात्राने मनापासून म्हटलेलं असतं, नटाने वाचून दाखवलेलं नसतं. आणि त्यानंतरच्या दोन-तीन संवादांत त्या वाक्यामुळे काहीतरी बदललं पाहिजे.

मानझाइची (दोघांच्या विनोदी संवादाचा जपानी प्रकार) सवय असलेल्या जपानी नटांना एक मोह पडतो आणि तुमच्याकडेही पडेल: एकाने वेडगळ बोलायचं (बोके) आणि दुसऱ्याने त्याला टोकायचं (त्सुक्कोमी). आपल्याकडे तमाशाच्या बतावणीत सरदार आणि सोंगाड्या हेच करतात. टोकणं चालेल, पण पात्राच्या तोंडून. ‘हे काय बोलताय, वकीलसाहेब?’ ठीक. ‘हे कुठल्या चिठ्ठीत होतं?’ म्हटलंत की नाटक संपलं, मग उरतो तो खेळ.

ध्वनीवाला

चिठ्ठीच्या कागदाचं माझ्याकडून. व्हिजिटिंग कार्डापेक्षा मोठी, साधारण पोस्टकार्डाच्या निम्मी. जाड कागद, चमकदार अजिबात नको. समोरच्या दिव्याखाली चकाकी येते आणि नट चिठ्ठी तिरकी करत बसतो. हाताने लिहू नका. निळ्या प्रकाशात हाताने लिहिलेली जोडाक्षरं वाचता येत नाहीत. २८-३० पॉइंटमध्ये, दोन ओळींत, ठळक छापा. घडी एकच घाला. चार घड्या घातलेली चिठ्ठी उलगडताना माइकमध्ये कुरकुर येते आणि तेवढ्यात संवादाचा ताल जातो. वापरलेली चिठ्ठी परत पिशवीत जायला नको, तिच्यासाठी खिसा शिवा.

मध्यरात्रीचा श्रोता

एक थोडा वेगळा मुद्दा. रंगमंचाची सवय नाही म्हणताय, तर आधी केवळ आवाजावर सराव करा. याची जपानी उदाहरणं आहेत. २०११च्या ‘जीडीजीडी फेअरीज’ या संगणकावर बनवलेल्या अ‍ॅनिमेत एक ठरलेला भाग असा की तिघींसमोर विचित्र हालचालींची चित्रफीत येते आणि त्यांनी तिथल्या तिथे तिला आवाज द्यायचा. २०१३च्या ‘तेसागुरे! बुकात्सुमोनो’त उलटं केलं: अभिनेत्रींचं बिनसंहितेचं बोलणं आधी रेकॉर्ड झालं आणि त्यावर चित्रं नंतर हलवली.

दुसरा सराव ‘गाया’चा, म्हणजे गर्दीच्या मागच्या आवाजांचा. अ‍ॅनिमेच्या संहितेत अशा जागी बहुतेकदा ओळी नसतात. बाजार, शाळेचा वर्ग, स्टेडियम, असं काय ते कळतं आणि नवशिके सेइयू एकत्र उभे राहून बोलत राहतात. अट अशी की एकाचाही शब्द मुख्य संवादाच्या वर डोकं काढता कामा नये. सहा जणांना तीन मिनिटं एसटी स्टँडचा गाया करायला लावा आणि मधूनच एकाला खूण करा की तू पुढे ये, बाकीच्यांनी मागे राहा. कोण दुसऱ्याचं ऐकतो आणि कोण नुसता आपली पाळी यायची वाट बघतो हे लगेच कळेल. पहिल्या प्रयोगासाठी जोडी ऐकणाऱ्यांतूनच निवडा. उरलेल्या चौघांपैकी एकाला घड्याळ, एकाला चिठ्ठ्यांची चाळणी आणि दोघांना घटनांबरोबर आत येणाऱ्या छोट्या भूमिका.

खिडकीशेजारी

वाटणी जमली. कॉलरचे माइक भाड्याने ठरवले होते, ते बदलून घेते. फॉर्म उद्या फिरवते. तुमची वाक्यंही पाठवा, वडापाव वगळून.