उंब्रियातल्या कबुतर-मनोऱ्यांची घरं करावीत का?

दगडीजिना:
मे महिन्यात इटलीच्या उंब्रिया प्रांतात तोदी गावाजवळ एका 'तोर्रे कोलोंबाया'त, म्हणजे कबुतरांसाठी बांधलेल्या मनोऱ्यात, चार रात्री राहिले. आता तिथे पर्यटकांना खोल्या मिळतात. सगळ्यात वर जिथे ढाबळ होती, तिथे न्हाणीघर केलंय. भिंतीत विटांचे वीतभर रुंदीचे कोनाडे ओळीने आहेत, एकेकात एकेक जोडी राहायची. तीन भिंतींचे कोनाडे गिलावा मारून बुजवलेत, चौथीतल्या कोनाड्यांत टॉवेल गुंडाळून ठेवलेत. मला ते बघवेना. पिल्लांचं मांस आणि विष्ठेचं खत यांसाठी माणसांनी ही भिंत एकेक कोनाडा करत रचली. रोमन लेखक वारोने इ.स.पू. पहिल्या शतकात एका ढाबळीत ५,००० पक्षी राहू शकतात असं लिहून ठेवलंय, इतकी ही विद्या जुनी. खाली हवं ते करा, ढाबळीच्या मजल्याला हात लावू नका.

गव्हाळी:
ताई, पटलं नाही. उंब्रियात यातले कित्येक मनोरे मुळात घरंच होते. तळाला जनावरं नि अवजारं, मध्ये कुळाचं बिऱ्हाड, वर कबुतरं. कुळं अर्धेलीने जमीन कसायची. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले, पण त्याआधीपासूनच माणसं कारखान्यांच्या गावांना निघाली होती. मागे राहिलेल्या मनोऱ्याची कौलं सरकली की तुळया कुजतात, मग मजले एकावर एक कोसळतात. ती कौलं फेरायला पैसा कोण देणार? राहणाराच ना? टॉवेलांनी भिंत पडत नाही, पावसाने पडते.

चुनाविटा:
मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. मला टॉवेलांपेक्षा खिडक्यांची काळजी वाटते. या मनोऱ्यांना उघडी जागा कमीच असते, आणि राहायला येणाऱ्याला उजेड हवा असतो, म्हणून जाड भिंती फोडतात. हा भूकंपाचा मुलूख आहे. सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इथल्याच असिसी गावात बॅसिलिकाचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, छत कोसळून माणसं गेली. भिंत फोडायचीच तर आधी लोखंडी ताण-सळया घालून समोरासमोरच्या भिंती एकमेकींना जखडून घ्या. आणि सिमेंटचा गिलावा नको. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आतच कोंडतं. संरक्षित इमारत असेल तर सोप्रिंतेंदेंत्सा या वारसा खात्याची परवानगी लागते, पण रानातला प्रत्येक मनोरा संरक्षित नसतो.

पाकोळी_बघा:
कबुतरांना आत-बाहेर करायला ठेवलेल्या बाहेरच्या भोकांचं कुणी बोललंच नाही. कबुतरं गेली तरी त्यांत पाकोळ्या घरटी करतात. आफ्रिकेतून येतात आणि वर्षानुवर्षं त्याच भोकात परततात. तिथे काच बसवली की संपलं. भोक आतून फळीने बंद करा, बाहेरून उघडं ठेवा. घरात घाण येत नाही, पक्षीही राहतो.

दगडीजिना:
गव्हाळी, कौलांचं मान्य. कुणी राहायला आलं नसतं तर मला तो मनोरा उभा दिसलाच नसता. तरी एक सांगते. भोकांच्या खाली बाहेरून चकचकीत फरशांचा पट्टा होता, चढणाऱ्या उंदरांचे पाय घसरावेत म्हणून बसवलेला. तो फोडून न्हाणीघराचा पाइप खाली सोडलाय. न्हाणीघर तळाच्या गोठ्यात सहज बसलं असतं.