मनमोहन सिंग 'राजकारणी नव्हते', ही पळवाट नाही का?

जमाखर्च (धागाकर्ता)

२६ डिसेंबर २०२४ ला मनमोहन सिंग गेले आणि तेव्हापासून एक वाक्य ऐकून कान किटलेत: 'माणूस विद्वान, पण राजकारणी नव्हता.' चाहते हे कौतुकाने म्हणतात, विरोधक हिणवून. माझ्या मते दोघंही त्यांना फुकटची सूट देतात. माणूस पक्का राजकारणी होता, आणि हिशेबही तसाच मांडायला हवा.

१९६२ ला ऑक्सफर्डची डॉक्टरेट, मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापकी, १९७१ ला व्यापार मंत्रालयात सल्लागार. त्यानंतर मुख्य आर्थिक सल्लागार, १९८२ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९८५ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. म्हणजे जे परवानाराज (उद्योगाला पदोपदी सरकारी परवाना लागायचा ती व्यवस्था) मोडल्याचं श्रेय त्यांना देतो, त्याच राजवटीच्या वरच्या खुर्च्यांवर ते वर्षानुवर्षं बसले होते. इंदिराजी, राजीव, चंद्रशेखर, नरसिंह राव. या चौघा पंतप्रधानांचं एकमेकांशी कितपत पटायचं ते सांगायला नको, पण चौघांनाही हा माणूस जवळ हवा होता. नुसत्या पदव्यांवर हे जमत नाही हो.

आता १९९१ चा जुलै बघा. राव पंतप्रधान, सिंग अर्थमंत्री. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी. १ जुलैला रुपया सुमारे ९ टक्के उतरवला, ३ तारखेला आणखी ११ टक्के उतरवायचा होता. मधल्या काळात ओरड झाली, राव कचरले, दुसरा टप्पा थांबवा म्हणाले. ३ च्या सकाळी सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला, तोवर घोषणा होऊन गेली होती! तो फोन अर्धा तास आधी का गेला नाही, याचा विचार ज्याने त्याने करावा. पुढे २४ जुलैच्या बजेटात खताचे भाव ४० टक्के वाढवले, स्वपक्षाचेच खासदार खवळले, तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणून अल्पभूधारकांना वगळलं. बाकी बजेटला धक्का लागू दिला नाही. याला राजकारण नाही तर काय म्हणतात?

रामटेककर

असहमत. १९९१ चं राजकारण नरसिंह रावांचं होतं, ज्यांना आमच्या रामटेकने १९८४ आणि १९८९ असं दोनदा लोकसभेत पाठवलं. सरकार अल्पमतातलं. रावांनी उद्योग खातं स्वतःकडे ठेवलं. नवं औद्योगिक धोरण बजेटच्याच दिवशी, राज्यमंत्र्याच्या हातून सभागृहात ठेवलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरांचे मथळे बजेट खाऊन टाकणार. याला म्हणतात डोकं. सिंग म्हणजे मैदानात पाठवलेला चांगला फलंदाज. खेळपट्टी कुणी बनवली ते विसरू नका. आणि त्या फोनवरून तुम्ही फारच मोठं अनुमान काढताय.

बाभूळबन

दिल्लीचं चालू द्या. मी यवतमाळ जिल्ह्यातला.

२००६ च्या जूनअखेरीस पंतप्रधान सिंग आमच्याकडे येऊन गेले. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात दुभत्या गाईसुद्धा होत्या. ज्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नाही, त्याच्या गोठ्यात जास्त दूध देणारी गाय! कडबा विकत आणून तिला घालायचा की पोरांना जेवू घालायचं, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर आला नसावा.

मग २००८ ची कर्जमाफी. पाच एकरांपर्यंत सरसकट माफी, त्यावर जमीन असली की २५ टक्के सूट, तीही उरलेले पैसे भरले तर. आता आमच्याकडे कोरडवाहू कापूसवाल्याकडे सात-आठ एकर म्हणजे काही श्रीमंती नव्हे. त्यातून जे निघतं ते तिकडे पश्चिम महाराष्ट्रात बागायती दोन एकरांत निघतं. सातबाऱ्यावर आठ एकर दिसले की आमचा माणूस 'मोठा शेतकरी', आणि तिकडचा तीन एकर उसवाला 'लहान'. अर्थशास्त्राच्या डॉक्टरला हे कळायला नको?

जमाखर्च

बाभूळबनराव, मुद्दा बिनतोड आहे. पण तुम्ही माझीच बाजू भक्कम करताय. पाच एकरांची रेघ निवडणुकीच्या आदल्या वर्षी ओढली गेली. ती अर्थतज्ज्ञाने नाही, मतं मोजणाऱ्याने ओढली.

बाभूळबन

अजिबात नाही. मतं मोजणाऱ्याला विदर्भातला सातबारा पाठ असतो. ही रेघ ज्याने कधी मतंच मागितली नाहीत त्याच्या कचेरीतली आहे.

तिरकस

'कधीच मागितली नाहीत' असं नाही. १९९९ ला दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले, विजयकुमार मल्होत्रांनी सुमारे ३० हजारांनी पाडलं. त्यानंतर नाव नाही. राज्यसभा मात्र १९९१ पासून २०१९ पर्यंत आसामातून. तेव्हा ज्या राज्यातून जायचं तिथला मतदार असावं लागे (ही अट २००३ मध्ये गेली), म्हणून गुवाहाटीत सैकिया कुटुंबाच्या घरी भाडेकरू म्हणून पत्ता. अर्थमंत्री, मग पंतप्रधान, आणि कागदोपत्री गुवाहाटीचे भाडेकरू! धागाकर्त्याला हा पुरावा हवा असेल तर घ्या, राजकारणी असल्याचा.

रोहेकर

तुलना करायचीच तर आमच्या रोह्याच्या चिंतामणरावांशी करा. सी. डी. देशमुख. तेही नोकरशहा, तेही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर (पहिले भारतीय), तेही अर्थमंत्री, आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्षही दोघं. पण देशमुख १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले, आणि १९५६ ला मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटलं तेव्हा नेहरूंच्या तोंडावर बोलून बाहेर पडले.

सिंगांच्या बाबतीत सप्टेंबर २०१३ आठवा. दोषी लोकप्रतिनिधींना वाचवणारा अध्यादेश त्यांच्याच मंत्रिमंडळाने मंजूर केलेला. ते अमेरिकेत असताना त्यांच्याच पक्षाचा उपाध्यक्ष राहुल गांधी दिल्लीत पत्रकारांसमोर म्हणतो, हा फाडून फेकण्याच्या लायकीचा आहे. आठवड्याभरात अध्यादेश मागे. पंतप्रधान जागेवरच. (अध्यादेश वाईटच होता, पण तो वेगळा विषय.)

खडूस_काकू

रोहेकर, देशमुखांबद्दल आदर आहेच, पण मुंबई काही त्यांच्या राजीनाम्याने मिळाली नाही. ती हुतात्म्यांनी आणि आंदोलनाने मिळवली, १ मे १९६० ला. राजीनामा दिला की माणूस स्वच्छ बाहेर पडतो, काम मागे राहणाऱ्यांवर पडतं. आम्हा मराठी लोकांना राजीनाम्याचं भारी अप्रूप.

आणि सिंग कधी अडून बसलेच नाहीत असं थोडंच आहे? २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला. करार सोडून दिला असता तर सरकार आरामात चाललं असतं. पक्षातलेही गळ घालत होते, राहू द्या म्हणून. त्यांनी सरकार पणाला लावलं आणि २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ असा विश्वासदर्शक ठराव जिंकला. २००५ ला रोजगार हमीचा कायदा देशभर नेला, जो मुळात आपल्या वि. स. पाग्यांच्या महाराष्ट्रातल्या रोजगार हमी योजनेवर (रोहयो) उभा आहे. बाभूळबनराव, तिकडच्या मजुराला विचारा त्या गाईपेक्षा हे बरं होतं का.

बाभूळबन

काकू, बरं होतं. पण रोहयो आमच्याकडे बहात्तरच्या दुष्काळापासून होतीच, त्याचं श्रेय दिल्लीला कशाला?

जमाखर्च

रोहेकर, २०१३ बद्दल सहमत, आणि म्हणूनच 'राजकारणी नव्हते'ची ढाल काढून घ्या म्हणतोय. कोळशाचंच घ्या. नोव्हेंबर २००६ ते मे २००९ कोळसा खातं खुद्द पंतप्रधानांकडे होतं. लिलावाचा प्रस्ताव २००४ पासून फायलीत फिरत होता, खाणी मात्र जुन्याच पद्धतीने समितीमार्फत वाटल्या गेल्या. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या वाटपातले २१४ पट्टे रद्द केले. तिथे 'बिचारे प्राध्यापक, त्यांना काय कळतं' कसं चालेल? वैयक्तिक पैसा खाल्ला असं त्यांचे शत्रूही म्हणत नाहीत. पण राज्यांना आणि मित्रपक्षांना न दुखवता दिवस काढायचे, हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता.

रामटेककर

हे मात्र मान्य. रावांकडूनच शिकले असतील.

रोहेकर

काकू, २२ जुलैचं लिहिलंत तर पूर्ण लिहा. त्याच दिवशी लोकसभेत, मतांसाठी लाच दिल्याचा आरोप करत, नोटांच्या गड्ड्या नाचवल्या गेल्या होत्या.

खडूस_काकू

नाचवणारे विरोधी बाकांवरचे होते, रोहेकर. त्या कुणी दिल्या त्यावर वेगळा धागा काढा, येते तिकडे.