डभोईच्या जुन्या रेल्वेविषयी घरगुती कागदपत्रे हवी आहेत

सप्रेम नमस्कार. बडोद्याजवळच्या डभोई या गावाच्या इतिहासावर मी एक टिपण लिहीत असून त्यासाठी मंडळातील जाणकारांची मदत हवी आहे.

मराठी वाचकांना डभोई आठवते ती 1731 च्या लढाईमुळे, ज्यात पहिल्या बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा पराभव केला; मला मात्र त्यानंतरचे, कापसाचे आणि रुळांचे डभोई अधिक महत्त्वाचे वाटते. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, 1862 साली, डभोई ते मियागाम ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली आणि आरंभी तिचे डबे चक्क बैल ओढत असत, कारण हलक्या रुळांना इंजिनाचा भार पेलणारा नव्हता. भोवतालच्या काळ्या जमिनीतला कापूस मियागामला मुंबईच्या मोठ्या लोहमार्गाशी जोडला गेला, आणि पुढे अनेक फाटे फुटून डभोई हे नॅरोगेजचे मोठे जंक्शन बनले.

राज्यकारभाराची बाजू छापील ग्रंथांत सापडते. शेतकरी, गाडीवान, अडते आणि स्टेशनवरील नोकरदार यांचे जगणे त्यांत फारसे येत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी गायकवाडी रेल्वेत नोकरीस असलेल्या पूर्वजांची पत्रे, नेमणुकीचे हुकूम, कापसाच्या हिशेबाच्या वह्या किंवा स्टेशनची छायाचित्रे असतील, तर कृपया कळवावे. कागद मोडीत असले तरी चालतील. मी ते आपल्या घरी येऊन, आपल्यासमोरच वाचून उतरवून घेईन. 1949 मध्ये ही रेल्वे भारत सरकारकडे गेली, त्या सुमाराच्या आठवणी सांगू शकणारे कोणी ज्येष्ठ असल्यास त्यांना भेटण्याची विशेष इच्छा आहे.