केळं नको, आधी एक्स-रे

कुणीतरी लिहिलंय, मुलाने नाणं गिळलं तर दोन केळी चारा, आपोआप खाली सरकतं. पोटात पोचलेलं नाणं बहुतेकदा शी वाटे पडतं, हे खरंच. पण अन्ननलिकेत अडकलं असेल तर केळ्याचा भरवसा नाही, आणि वर भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट म्हणजे डॉक्टरांना नवी डोकेदुखी.

आणि ते नाणंच कशावरून? रिमोटमधला बटन सेल एक्स-रेत तसाच गोल दिसतो; नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यातून वीज वाहते, ऋण बाजूला अल्कली (भाजणारा तीव्र क्षार) तयार होतं आणि २ तासांतही आतून खोल भाजू शकतं. इथे ‘सकाळी बघू’ चालत नाही, मध्यरात्रीसुद्धा दुर्बीण घालून काढतात. मूल वर्षावरचं असेल आणि गिळता येत असेल तर दवाखान्यात नेता नेता दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या. काहीही न भरवण्याला हा एवढाच अपवाद, तोही घरात मध असेल तर. दुकान शोधत फिरू नका.

बाकी अशा अडकलेल्या वस्तू बाहेर काढण्याच्या कलेतला उस्ताद म्हणजे फिलाडेल्फियाचा डॉ. शेव्हलियर जॅक्सन. भारीच वल्ली! लोकांनी गिळलेल्या आणि श्वासनलिकेत गेलेल्या २,३७४ वस्तूंचा त्याचा संग्रह तिथल्या म्युटर म्युझियममध्ये खणांत मांडून ठेवलाय. उघडी सेफ्टी पिन आतच मिटवून बाहेर काढायची हत्यारंही त्याच्याकडे होती.